माइक बंद असताना

१

माझा तो फोन सकाळी माझ्यासारखाच उठायचा, कुरकुरत. बटण दाबलं की आधी काळा पडदा, मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर सरकायच्या, आणि चहाला उकळी येऊन गेली की मग कुठे घड्याळ दिसायचं. लिनक्सवर, म्हणजे कुणालाही आतून बघता येईल अशा खुल्या प्रणालीवर, चालणारा फोन. जाडजूड, साबणाच्या नव्या वडीसारखा. बँकेचं ॲप त्यावर चालत नसे, म्हणून मी अजून रांगेत उभी राहायचे. फोटो काढला तर माणसं कावीळ झाल्यासारखी यायची. बॅटरी दुपारीच मान टाकायची. मैत्रिणी विचारायच्या, "फोन आहे की पाळलेलं जनावर?"

पण मला तो आवडायचा. त्याला कारण होतं.

मी लोकांचं ऐकणं तपासते. कुणाला किती कमी ऐकू येतं ते मोजायचं, कानात बसवायचं यंत्र निवडायचं, ते जुळवून द्यायचं, हे माझं काम. ऐकू येईनासं झालेली माणसं माझ्यासमोर बसून वाट्टेल ते बोलतात. बायको मुद्दाम हळू बोलते इथपासून ते जगायचा कंटाळा आलाय इथपर्यंत. एकदा एका बाईंशी मी गुडघ्याच्या पट्ट्यांबद्दल बोलले, आणि संध्याकाळी माझ्या जुन्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती नाचायला लागल्या. अंगावर काटा आला. माझ्या खोलीत तिसरं कुणीतरी बसलेलं होतं आणि त्याला मीच खिशात घालून आणलं होतं.

मग मावसभावाने हा फोन शोधून दिला. त्याला घरात सगळे खटपट्या म्हणतात. लहानपणी त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं, ते अजून बंद आहे. फोनचं मागचं झाकण नखाने उचकटून त्याने मला आत दाखवलं. तिथे इवले इवले खटके होते. एक कॅमेऱ्याचा, एक नेटवर्कचा, एक माइकचा.

"ताई, हा खाली केलास की माइकची वीजच तुटते. नुसतं बंद नाही, तुटलेलंच. आणि आत काय काय चाललंय ते सगळं उघड आहे, बघता येतं. यात लपायला कुणाला जागाच नाही."

तेव्हापासून रुग्ण समोर असला की माइकचा खटका खाली. रुग्ण गेला की वर. अंगवळणी पडलं होतं.

२

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे बोलावलं, पण ते म्हणाले, "तुझ्या घरात मला माझ्या वस्तू सापडत नाहीत." आयुष्यभर छापखान्यात काम केलेला माणूस. यंत्रांच्या धडधडीने त्यांचं ऐकणं कुरतडलं होतं, विशेषतः बारीक आवाज. स, फ, त ही अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाहीत. "औषध घेतलंत का" म्हटलं की ते म्हणायचे, "उशीर कुठे झाला?" त्यांच्या कानातली यंत्रं मीच बसवली होती. ती काढली की त्यांना दारावरची थापही ऐकू यायची नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना रोज फोन करायचे. बाहेर रस्त्याचा गोंगाट, म्हणून तपासणीच्या बंद खोलीत बसून. त्या खोलीच्या भिंतींना जाड गाद्या आहेत, दार लावलं की जग कापून काढल्यासारखं होतं. थोडा वेळ बसलं तर स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं.

माइकचा खटका वर करायला मी पुष्कळदा विसरायचे. मग पलीकडून बाबा ओरडायचे, "हॅलो? हॅलो? ठमे, फेकून दे तो डबा!" ठमी म्हणजे मी. या नावाने हाक मारणारे आता ते एकटेच उरले होते.

त्या दुपारी आम्ही छान बोललो. नळ गळतोय, शेजाऱ्यांनी भिंत रंगवली, वरच्या मजल्यावरची मुलगी परीक्षा पास झाली. बाबांनी एकदाही "काय?" विचारलं नाही. फोन ठेवला, तेवढ्यात पुढचा रुग्ण आला. खटका खाली करायला मी झाकण उघडलं.

खटका खालीच होता.

३

माणूस अशा वेळी घाबरत नाही. माणूस कारण शोधतो.

खटका सैल झाला असेल. मी खाली केला, वर केला, पुन्हा खाली. मग फोन तपासणीच्या खोलीत ठेवून त्याच्यासमोर मोठ्याने आकडे म्हटले आणि ध्वनिमुद्रण ऐकलं. खटका वर असताना माझा आवाज होता. खाली असताना काहीच नव्हतं. साधी खरखरसुद्धा नाही. सपाट.

खटपट्याला बोलावलं. त्याने फोन टेबलावर उलटा पाडून त्याची आतडी बाहेर काढली, सुई टेकवून वीज मोजली, पडद्यावर कसल्या कसल्या ओळी वाचल्या.

"ताई, फोन ठणठणीत आहे. खटका खाली असला की इथून काहीच जात नाही. तुटलेल्या वायरीतून भूतसुद्धा बोलू शकत नाही."

"मग बाबांनी ऐकलं काय?"

"तूच बोलताना वर केला असशील आणि नंतर सवयीने खाली. होतं असं. मी तर चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतो."

मला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा. माझ्या कामात मी हेच तर रोज बघते. त्या बंद खोलीत माणसाला कानावर आवाज द्यायचा, आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मी आवाज दिलेलाच नसताना कितीतरी जण बटण दाबतात आणि शपथेवर सांगतात, वाजलं म्हणून. कानाला रिकामं बसवत नाही.

बाबांचे कानही तसेच. समजा खटका खालीच राहिला असेल, तर माझा आवाज पोचलाच नसेल आणि ते आपल्या मनाने उत्तरं ऐकत असतील. वाईट वाटलं, पण त्यात अशक्य असं काही नव्हतं.

फक्त एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. परीक्षा पास झालेल्या मुलीचे गुण त्यांनी मला सांगितले होते, आणि मी विचारल्यावरच सांगितले होते. मी विचारलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणजे माझाच प्रश्न पोचला होता. मग तो नेला कुणी?

४

सुट्टीच्या दिवशी मी बाबांकडे गेले. माझ्याकडच्या चावीने दार उघडलं. ते खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होते. मी हाक मारली, ते वळले नाहीत. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

कानात यंत्रं नव्हती. कपाटात, डबीत होती. बॅटऱ्या काढून ठेवलेल्या.

"हे काय, बाबा? का काढलीत?"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने.

"लागत नाहीत आता," ते म्हणाले. "तू फोनवर बोलतेस ते मला लख्ख ऐकू येतं. एकेक अक्षर. किती वर्षांनी ऐकतोय मी असं! पण समोर आलीस की काय पुटपुटतेस कुणास ठाऊक."

"फोनवर यंत्राशिवाय?"

"हो की. सकाळी तर तासन् तास बोलतो आपण."

मी हसले. "सकाळी कुठे? मी दुपारी करते फोन."

"दुपारचा वेगळा," ते शांतपणे म्हणाले आणि कोड्यात डोकं घातलं. "दुपारी तू घाईत असतेस."

सकाळी माझा फोन लागायचाच नाही. रात्रभर पूर्ण बंद, आणि कामावर पोचेपर्यंत नेटवर्कचा खटका खाली. कुणाशी बोलायचं नसायचं मला सकाळी.

मी यंत्रांत नव्या बॅटऱ्या घातल्या आणि ती त्यांच्या कानात बसवली. त्यांनी बसवू दिली, लहान मूल तोंड पुसून घेतं तशी. मी निघाले तेव्हा त्यांचा हात कानाशी गेलेला दिसला.

बसमध्ये मी हिशेब मांडत बसले. वय, एकटेपणा, आई नाही. असं होतं. डॉक्टरांना दाखवायला हवं. सगळं नीट जुळत होतं, आणि तरी मी तोच हिशेब पुन्हा मांडत होते. त्यांना माझा आवाज येत नव्हता. त्यांना कुणाचा तरी आवाज येत होता. माझं बोलणं कोण चोरून ऐकतं याचीच मला आजवर काळजी होती. माझ्या जागी कुणी बोलेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठरवून केलं. तपासणीच्या खोलीत शिरले, दार लावलं. झाकण उघडून खटका खाली आहे ना हे पाहिलं, बोटाने चाचपलं. बाबांचा नंबर लावला. आणि तोंडावर हात ठेवून बसले.

"हॅलो," बाबा म्हणाले.

मी गप्प.

"हां, बोल ठमे."

मग ते थांबले. एक वाक्य मावेल एवढंच थांबले.

"जेवलो की. आत्ताच."

पुन्हा थांबले.

"नाही ग, गुडघा बरा आहे. तू सांगितलंस तसंच केलं."

त्यांचा गुडघा दुखत होता, हे मला माहीतही नव्हतं. मी फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. त्या मधल्या जागांमध्ये काय आहे ते मी ऐकत होते. माझे कान तयार आहेत, पोटापाण्यासाठी तयार केलेले आहेत. तिथे श्वास नव्हता, खरखर नव्हती. बाबांच्या घड्याळाची टिकटिक मात्र मला ऐकू येत होती, आणि त्या जागांमध्ये तीही थांबत होती.

बाबा हसले. आई असताना हसायचे तसे, घशातून.

"अगं, मागची खोली रिकामीच आहे. तुझीच आहे ती."

थांबले.

"नाही, ती मधून मधून येते. तिचं काय एवढं? येते, कानात ते खुपसते आणि जाते."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भीतीच्या आधी ते आलं, हे सांगायला हवं.

"आज? खरंच आज येतेस?" बाबांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "चावी कशाला? दार उघडंच ठेवतो मी."

नखाने मी खटका वर ढकलला. नख मोडलं. "बाबा! बाबा, मी बोलतेय, ऐका माझं. दार उघडू नका!"

पलीकडे घड्याळ टिकटिकत होतं.

"कोण?"

"मी! ठमी!"

"नीट ऐकू येत नाहीये," बाबा म्हणाले. कोरड्या, सभ्य आवाजात, परक्या माणसाशी बोलावं तसे. "मी माझ्या मुलीशी बोलत होतो, तुम्ही मध्येच लागलात. ठेवता का जरा?"

६

मी रुग्णांना काय सांगितलं आठवत नाही. गाडी मिळाली. वाटेत पुन्हा पुन्हा नंबर लावत होते. प्रत्येक वेळी तोच टूं टूं आवाज, दुसरीकडे बोलणं चालू असल्याचा. भर दुपार होती. रस्त्यावर लोक दुकानांतून पिशव्या घेऊन बाहेर पडत होते, एक बाई मुलाचं नाक पुसत होती. मी स्वतःला म्हणत होते, म्हाताऱ्या माणसाने रिसीव्हर नीट ठेवला नसेल, एवढंच.

जिना चढून वर गेले. दार सताड उघडं होतं.

बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते, माझ्याकडे पाठ करून. खुर्ची नेहमी खिडकीकडे तोंड करून असते. आज ती मागच्या खोलीच्या दाराकडे वळवलेली होती. ते दार अर्धं उघडं होतं. रिसीव्हर खाली लोंबत होता, वायरीला हलकेच गिरक्या घेत.

बाबा बोलत होते. हळू, अगदी हळू. त्यांना बोलताना ओरडायची सवय, कारण स्वतःचा आवाजही त्यांना येत नसे. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. बोलायचे, थांबायचे, मान डोलवायचे.

"बाबा," मी म्हटलं.

ते वळले नाहीत.

मी दोन पावलं पुढे सरकले, आणि अर्ध्या उघड्या दारातून मला खाटेची कड दिसली. तिथे कुणीतरी बसलं होतं, आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. बाईमाणूस. केस वर बांधलेले, मान उघडी, उजव्या बाजूला किंचित कललेली, समोरचं नीट ऐकून घेताना कलते तशी. मी त्या मानेकडे बघत राहिले. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती आणि ओळख पटत नव्हती. आपली मान मागून आपण कधी बघितलेली नसते, म्हणून वेळ लागला.

ओळख पटली तेव्हा माझा हात आपोआप माझ्या मानेवर गेला.

तिथे तिचाही हात वर आला.

मी डोळे मिटले. मिटायला नको होते, पण मिटले गेले. उघडले तेव्हा खाट रिकामी होती. मी आत गेले, खाटेखाली बघितलं, कपाट उघडलं, खिडकीची कडी हलवून बघितली. खोलीत बंद खोलीचा वास होता, दुसरं काही नव्हतं. चादरीवर बसल्याची खूण होती. ती बाबांचीही असू शकते.

मागे वळले तर बाबा खुर्चीतून उठून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही तिला घालवलंत," ते म्हणाले.

७

त्याच संध्याकाळी मी बाबांना माझ्याकडे आणलं. ते आले. वाद घातला नाही.

फोनची बॅटरी काढली, सिमकार्ड काढलं आणि तो खटपट्याला देऊन टाकला. मी आता बाजारात मिळतो तसला साधा फोन वापरते. तो माझं सगळं ऐकतो, काय हवं ते विकतो. विकू दे. ऐकणारा परवडला.

थोड्या दिवसांनी खटपट्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, काल सकाळी तू मला फोन केला होतास का?"

"नाही. का रे?"

"बरं," तो म्हणाला. पुढे विनोद करेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने केला नाही. "बरं. काही नाही. मी तो फोन टाकून देतोय." आणि ठेवला.

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आजचा वार, घरचा पत्ता, उलटे आकडे. मुलीचं नाव विचारलं, तेही बरोबर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात इतकी तल्लख बुद्धी क्वचित दिसते." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. नाव सांगताना बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी ते कोडी सोडवतात, झाडांना पाणी घालतात, कानात यंत्रं घालतात, मी घाला म्हटलं की. मला कधी उलटून बोलत नाहीत. चहा दिला की म्हणतात, "कशाला त्रास घेतलात?" मी एकदा रडले. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच मागे घेतला, परक्या बाईला हात कसा लावायचा, असा.

"तुम्ही माझं फार करता," ते म्हणाले. "ती आली की मी तिला सांगेन."

८

काल संध्याकाळची गोष्ट. दिवे नुकतेच लावले होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, बाबा समोर पेपर वाचत होते. यंत्रं टेबलावर काढून ठेवलेली. बाहेर सगळं शांत. जिन्यावर पाऊल नाही, लिफ्टचा आवाज नाही. मी हे खात्रीने सांगते, दुसरं काही खात्रीने सांगता आलं नाही तरी.

बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं. "हो, हो, आलो," म्हणाले.

"कोण आहे, बाबा?"

ते उठले. पायात चप्पल सरकवली, सदरा नीट केला, केसांवरून हात फिरवला. मी हातात चादर धरून उभी राहिले. त्यांना अडवायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझे पाय उचलेनात. तो चेहरा मी ओळखत होते. शाळेतून मी घरी यायचे तेव्हा दारात उभा असायचा तो.

त्यांनी कडी काढली. दार उघडलं. बाहेर जिन्यावरचा दिवा, समोरच्यांचं बंद दार, रिकामी फरशी. मला तेवढंच दिसलं.

बाबा काहीतरी ऐकत राहिले आणि हसले. मग वाट द्यायला बाजूला सरकले, आणि थोडं थांबून त्यांनी दार हलकेच लावून घेतलं. आत वळले. मला तिथे बघून जरा अवघडले, घरात पाहुणे आल्यावर माणूस अवघडतो तसे.

"या इथे असतात," त्यांनी हळू आवाजात सांगितलं, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत. "स्वभावाने फार चांगल्या आहेत. तू बस ना."

आणि मी, कुणाला धक्का लागू नये म्हणून, भिंतीला टेकून जागा दिली.